कायदा राजपत्रात आला. तालुक्याला कधी येणार?

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

विधिमंडळाचे अधिवेशन संपले की कोणती विधेयके संमत झाली याची यादी आपल्या दैनिकात प्रसिद्ध होते आणि वाचक ती आवर्जून वाचतात. मात्र त्या विधेयकांना राज्यपालांची संमती कधी मिळाली, ती राजपत्रात कोणत्या तारखेला आली, अंमल कोणत्या दिवसापासून सुरू झाला आणि तो कायदा मुळातून वाचायचा असेल तर साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या माणसाने कोठे जायचे, हे शोधू लागले की वाट बिकट होत जाते. कोरेगाव तालुक्यातील एका सार्वजनिक ग्रंथालयात मी ग्रंथपाल म्हणून सेवा केली आणि निवृत्तीनंतरही तेथे माझे येणे-जाणे आहे. कायद्याची प्रत मागायला येणाऱ्या लोकांची अडचण मी जवळून पाहिली आहे. राज्य शासनाने कायदा राजपत्रात छापून थांबू नये; प्रत्येक नव्या आणि सुधारलेल्या कायद्याचा संपूर्ण, अद्ययावत मराठी पाठ तो अंमलात येईल त्याच दिवशी तालुक्याच्या ठिकाणी वाचायला मिळेल अशी व्यवस्था करावी, एवढी मागणी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

विधेयक दोन्ही सभागृहांत संमत झाले म्हणजे कायदा झाला असे नव्हे. संविधानाच्या अनुच्छेद २०० नुसार ते राज्यपालांकडे जाते, काही विधेयके राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवली जातात, आणि संमती मिळाल्यावर अधिनियम महाराष्ट्र शासन राजपत्रात प्रसिद्ध होतो. केंद्राचा आणि राज्याचा नियम येथे वेगळा आहे. संसदेच्या अधिनियमात अंमलाची तारीख सांगितलेली नसेल तर राष्ट्रपतींनी संमती दिली तो दिवस अंमलाचा धरतात. आपल्या राज्याच्या १९०४ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाने मात्र संमती राजपत्रात प्रथम प्रसिद्ध होईल तो दिवस ठरवून दिला आहे. म्हणजे राज्याच्या कायद्याला प्राण मिळतो तो राजपत्रातून. ही तरतूद करणाऱ्यांच्या मनात प्रसिद्धीचे महत्त्व पक्के होते असे मला वाटते, आणि म्हणूनच आज त्या प्रसिद्धीला उरलेले केवळ औपचारिक रूप अधिक खटकते.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय वाचण्यासारखे आहेत. पहिला १९५१ चा, हरला विरुद्ध राजस्थान राज्य. जयपूर संस्थानाच्या मंत्रिमंडळाने १९२३ मध्ये एक ठराव करून अफूविषयक कायदा केला, परंतु तो राजपत्रात किंवा अन्य मार्गाने लोकांसमोर कधी आणलाच नाही. पुढे त्या कायद्याखाली हरला नावाच्या माणसाला दोषी ठरवून ५० रुपये दंड झाला आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असलेले न्या. व्हिवियन बोस यांनी दिलेल्या निकालाचा आशय असा की, ज्या कायद्याची लोकांना माहितीच नाही आणि प्रयत्न करूनही जो त्यांना कळू शकला नसता, त्याखाली त्यांना शिक्षा करणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही. कायदा अंमलात येण्यापूर्वी तो कोणत्यातरी ओळखीच्या मार्गाने जाहीर झालाच पाहिजे. दंड ५० रुपयांचा असला तरी त्यातून मिळालेले तत्त्व आजही प्रत्येक नागरिकाचे संरक्षण करते.

दुसरा निर्णय १९६४ चा, आपल्याच राज्याने लढवलेला, मेयर हान्स जॉर्ज प्रकरणातला. झुरिचहून मनिलाला निघालेला हा जर्मन प्रवासी २८ नोव्हेंबर १९६२ रोजी मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर विमानात बसून असताना त्याच्याजवळ ३४ किलो सोने सापडले. सोने मुंबईमार्गे नेण्यावर निर्बंध घालणारी रिझर्व्ह बँकेची अधिसूचना चारच दिवस आधी, २४ नोव्हेंबरला भारताच्या राजपत्रात आली होती. परदेशात राहणाऱ्या माणसाला ती कशी कळणार, हा युक्तिवाद बहुमताने फेटाळला गेला. अधिसूचना येथे रीतसर प्रसिद्ध झाली, तेवढे पुरेसे आहे, असे न्यायालयाने धरले. न्या. सुब्बा राव यांचे मत मात्र वेगळे पडले.

हे दोन निर्णय शेजारी ठेवले की नागरिकाची आजची स्थिती कळते. न छापलेल्या कायद्यापासून त्याला संरक्षण आहे, परंतु एकदा का राजपत्रात छापले की तो आपल्याला ठाऊक आहे असेच गृहीत धरले जाते. गृहीतकाशिवाय न्यायदान चालणार नाही, हे मान्य. परंतु सगळ्यांना कायदा ठाऊक आहे असे मानण्याचा हक्क ज्या शासनाला हवा आहे, त्या शासनावर तो ठाऊक करून देण्याचे कर्तव्यही येते, आणि ते कर्तव्य मुंबईच्या शासकीय मध्यवर्ती मुद्रणालयाच्या दारात संपत नाही.

पूर्वीपेक्षा स्थिती सुधारली आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. एकेकाळी राजपत्राचा जुना अंक पाहायचा म्हणजे पुण्याच्या शासकीय ग्रंथागाराची वारी ठरलेली असे आणि तेथेही प्रत शिल्लक असेल याची खात्री नसे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ८ ने इलेक्ट्रॉनिक राजपत्राला मान्यता दिली, केंद्र शासनाने तर १ ऑक्टोबर २०१५ पासून आपल्या राजपत्राची प्रसिद्धी संगणकावरच आणली, आणि आपल्या राज्याचे राजपत्रही आता संकेतस्थळावर पाहता येते. तथापि संकेतस्थळावर असणे आणि माणसाच्या हाती लागणे यांत अंतर आहे. राजपत्र अनेक भागांत विभागलेले असते. साप्ताहिक अंक वेगळा, असाधारण अंक वेगळा, त्यातही अधिनियमांचा भाग निराळा, नियमांचे निराळे, विधेयकांचा निराळा, आणि साताऱ्या-सांगलीशी संबंधित स्थानिक सूचना पुणे विभागीय पुरवणीत. कोणता भाग, कोणती तारीख आणि कोणता क्रमांक हे आधीच माहीत असेल त्यालाच हवे ते पान सापडते. ज्याला माहीत नाही, त्याच्यासाठीच तर शोधण्याची सोय हवी! त्यातून जुन्या अंकांच्या पुष्कळशा पीडीएफ अशा आहेत की त्यांत मराठी शब्द टंकून शोधता येत नाही, कारण ती पानांची नुसती छायाचित्रे आहेत किंवा युनिकोडपूर्व टंकात बांधलेली आहेत.

वर्ष माहीत असले तरी गफलत होते. घरमालक आणि भाडेकरू या दोघांनाही लागणारा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम नावाने १९९९ चा आहे, क्रमांकाने २००० चा अठरावा आहे, आणि अंमलात आला ३१ मार्च २००० रोजी. वकिलाला यात काही विशेष वाटणार नाही. परंतु १९९९ च्या अंकांमध्ये हा कायदा शोधत बसलेला कराडचा एखादा भाडेकरू तेथे तो नाही असे पाहून उठून जाईल.

खरी अडचण सुधारणा अधिनियमांत आहे. आपल्या भागात ज्या कायद्याविषयी सर्वांत जास्त विचारणा होते त्या तुकडेबंदीच्या, म्हणजे शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडण्यास मनाई करणाऱ्या कायद्याचेच उदाहरण घेतो. रस्त्यालगत घरासाठी दोन-तीन गुंठे जागा घेतलेली, इसार देऊन वर्षे उलटलेली, खरेदीखत होत नाही आणि झाले तरी सातबाऱ्यावर नाव चढत नाही, अशी कुटुंबे कोरेगाव, कराड, विटा, तासगाव कोठेही भेटतील. मूळ कायदा १९४७ चा. २०१७ च्या सुधारणेने, काही अटींवर, बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत अधिमूल्य भरून असे व्यवहार नियमित करण्याची वाट खुली झाली. ८ ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते क्षेत्र, जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असे ठरवले. ऑक्टोबर २०२४ मध्ये अध्यादेशाने २५ टक्क्यांचे ५ टक्के झाले, आणि २०२५ मध्ये तेही शुल्क काढून टाकण्याची पावले पडली. एवढे सगळे बदल झाल्यावर या कायद्याचा आजचा मजकूर काय, असे विचारणाऱ्या माणसापुढे एक पुस्तिका आणि राजपत्राचे चार-पाच अंक ठेवावे लागतात.

खटाव तालुक्यातून आलेल्या एका शेतकऱ्याला सुधारणेची छापील प्रत काढून दिली तेव्हाचे त्यांचे गोंधळलेले मुख मला आठवते. अशा प्रतीत पहिल्या पानावर "प्राधिकृत प्रकाशन" असते, मग संक्षिप्त नाव आणि प्रारंभ, आणि त्यानंतर मूळ अधिनियमाच्या अमुक कलमाच्या तमुक पोट-कलमातील परंतुकात अमुक मजकुराऐवजी तमुक मजकूर दाखल करण्यात येईल, अशा धाटणीची वाक्ये. त्यांनी ती बोट ठेवून दोनदा वाचली आणि विचारले, "गुरुजी, यात माझ्या जागेचं कुठं आलंय?" त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्या प्रतीत नव्हतेच. ते मूळ कायद्यात होते, आणि मूळ कायद्याची ग्रंथालयातली पुस्तिका सुधारणेच्या आधीची होती. न्यायालयाबाहेरच्या दुकानात मिळणारी नवी आवृत्ती खाजगी प्रकाशकाची, विकत घ्यायची, आणि तीही कोणत्या तारखेपर्यंत अद्ययावत आहे हे प्रस्तावना पाहूनच कळायचे. ते सद्गृहस्थ अडाणी नव्हते. सोसायटीचे हिशेब पाहिलेले गृहस्थ होते. त्यांच्यापुढे शासनाने ठेवलेला कागदच असा होता की तो एकटा वाचून कोणालाही काही कळू नये.

सुधारणा अधिनियमाची ही रचना विधिमंडळाच्या कामासाठी योग्यच आहे, कारण सभागृहात मत पडते ते बदलावर. परंतु विधिमंडळाला लागणारा कागद आणि नागरिकाला लागणारा कागद हे दोन वेगळे कागद आहेत. बदल छापून झाला की त्याच दिवशी विधि व न्याय विभागाने तो मूळ कायद्यात बसवून, "अमुक दिनांकापर्यंत सुधारित" असे ठळक लिहून, संपूर्ण कायदा प्रसिद्ध केला पाहिजे. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर कायदे सुधारणांसह एकत्र केलेल्या रूपात वाचता येतात आणि पुष्कळ कायद्यांचा पूर्वीच्या तारखेचा पाठही काढून पाहता येतो. आपल्याकडे इंडिया कोड या केंद्राच्या कायदेविषयक संकेतस्थळावर राज्यांचे कायदे ठेवण्याची सोय झालेली आहे. आता गरज आहे ती मराठी पाठ तेथे आणि राज्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर विनाविलंब अद्ययावत ठेवण्याची. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ मुळे राज्याचे नवे कायदे मराठीतच होतात आणि संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार त्यांचा इंग्रजी अनुवाद राजपत्रात प्रसिद्ध केला जातो. म्हणजे मराठी पाठ तयार करण्याचे कष्ट झालेलेच असतात. तो पोचवायचा मात्र राहून जातो.

पाठ हाती नसतो तेव्हा काय होते, हे कोणत्याही शासकीय कार्यालयाच्या व्हरांड्यात दिसते. मंत्रिमंडळाने निर्णय घेतला अशी बातमी सकाळी येते आणि दुपारी माणूस अर्ज घेऊन दारात उभा राहतो. मंत्रिमंडळाचा निर्णय, विधेयक, अध्यादेश, अधिनियम, त्याखालचे नियम आणि शासन निर्णय या सहा वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकीचे बळ वेगळे आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. अध्यादेशाला तर आयुष्यच ठरावीक; अधिवेशन पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांच्या आत त्याची जागा अधिनियमाने घेतली नाही तर तो संपतो. खिडकीमागचा कर्मचारी म्हणतो, "आम्हाला वरून अजून पत्र आलेलं नाही." हे उत्तर मी स्वतः एका कार्यालयात ऐकले आहे, तेही कायदा राजपत्रात येऊन बरेच दिवस झाल्यावर. त्या कर्मचाऱ्याला दोष द्यावा असे मला वाटत नाही, कारण त्याच्याही टेबलावर राजपत्र येत नाही. त्याला वाट पाहावी लागते ती वरिष्ठांच्या परिपत्रकाची. परंतु विधिमंडळाने केलेला आणि अंमलात आलेला कायदा एखाद्या परिपत्रकासाठी खोळंबून राहतो आणि तोवर गरीब माणूस हेलपाटे घालतो, ही गोष्ट लोकशाहीला शोभणारी नाही.

पाठ न पोचल्याचा आणखी एक परिणाम म्हणजे अफवा. याचे सर्वांत बोलके उदाहरण साताऱ्याशी निगडित आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर हे साताऱ्याचे. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी अनेक वर्षे खटपट केली, २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच शासनाने अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. या सगळ्या काळात हा कायदा वारीवर बंदी आणणार, घरातली पूजाअर्चा बंद पाडणार, असे गावोगाव सांगितले गेले आणि प्रामाणिक भाविकांनीही ते खरे मानले. प्रत्यक्षात कायद्यासोबत एक अनुसूची आहे, कोणती कृत्ये गुन्हा ठरतात ती त्यात सांगितली आहेत. आणि यात्रा, प्रदक्षिणा, परिक्रमा, हरिकीर्तन, प्रवचन, भजन यांना कायदा लागू नाही असे कायद्यातच स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. काही पानांचा हा मजकूर त्या वेळी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला असता तर लोकांनी तो वाचून आपले मत बनवले असते, मग ते अनुकूल असो की प्रतिकूल. जे वाचलेच नाही त्याविषयी झालेला वाद किती वर्षे चालला!

सांगली जिल्ह्याच्या बाबतीत मला सावकारीच्या कायद्याची आठवण होते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कलम १८ मध्ये अशी तरतूद आहे की, कर्जापोटी सावकाराने बेकायदेशीरपणे जमीन आपल्या ताब्यात घेतली असेल तर मागील १५ वर्षांतल्या अशा व्यवहाराबद्दल कर्जदाराला जिल्हा निबंधकाकडे, म्हणजे व्यवहारात सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे, अर्ज करता येतो, आणि चौकशीअंती तो दस्त अवैध ठरवून जमीन परत देण्याचा आदेश होऊ शकतो. खरेदीखत करून दिले म्हणजे जमीन गेलीच, आता दिवाणी दाव्यात आयुष्य जाणार, अशा समजुतीने गप्प बसलेल्या माणसाला हे एक कलम केवढा आधार देते! पण त्याला ते कोण सांगणार? पैसे देणारा तर सांगणार नाही. आणि येथे मुदतीचा प्रश्न असल्याने, उशिरा कळणे म्हणजे पुष्कळदा हक्क गमावणेच.

लोकांपर्यंत पोचण्याची रीत शासनाला ठाऊक नाही असे मुळीच नाही. भूसंपादनाचा २०१३ चा केंद्रीय कायदा पाहावा. त्याच्या कलम ११ नुसार प्रारंभिक अधिसूचना राजपत्रात तर यावीच लागते, शिवाय त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत, आणि त्यांतले एक प्रादेशिक भाषेतले, स्थानिक भाषेत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत, जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी आणि तहसीलदार यांच्या कार्यालयांत, संकेतस्थळावर, आणि बाधित क्षेत्रातही ती प्रसिद्ध करावी लागते. महामार्ग किंवा कालव्यासाठी जमीन देणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांनी या नोटिसा चावडीवर वाचल्या आहेत. चार गावांच्या जमिनीसाठी जी तजवीज करता येते, ती साऱ्या राज्याला लागू होणाऱ्या कायद्यासाठी का करता येऊ नये? महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने तर सेवांची यादी, त्यांची कालमर्यादा आणि जबाबदार अधिकारी ही माहिती कार्यालयाच्या सूचना फलकावर लावणे बंधनकारक केले, आणि तो कायदा लोकांच्या ओळखीचा होण्यात त्या फलकांचा वाटा आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ४ आणखी पुढे जाते. स्वतःहून प्रसिद्ध करायची माहिती देताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागात संपर्काचे सर्वांत परिणामकारक साधन कोणते याचा विचार करावा, असे ते शासनालाच बजावते. कायद्याच्या पाठाइतकी महत्त्वाची दुसरी कोणती माहिती शासनाकडे आहे?

एका गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, म्हणून ती मुद्दाम नोंदवतो. शासन पोचवत नसेल तर ग्रंथालयांनी, संस्थांनी किंवा ग्रामपंचायतींनी स्वतः कायदा छापून वाटावा, असे कोणी म्हणेल. परंतु प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ नुसार शासकीय कृतीचा प्रताधिकार सर्वसाधारणपणे शासनाकडे असतो आणि त्याची मुदत ६० वर्षे आहे. कलम ५२ मध्ये जी मोकळीक आहे, तिच्यात राजपत्रातला इतर मजकूर कोणालाही पुन्हा छापता येतो, परंतु विधिमंडळाचा अधिनियम मात्र भाष्यासह किंवा अन्य स्वतंत्र मजकुरासह छापला तरच ती मोकळीक मिळते. अर्थात टीपा जोडून पुस्तक विकणाऱ्या प्रकाशकाची सोय झाली, आणि कायद्याचा निव्वळ मजकूर जसाच्या तसा विनामूल्य वाटू पाहणाऱ्या छोट्या संस्थेला मात्र परवानगीचा विचार करावा लागतो. कायदा हा प्रजेच्या प्रतिनिधींनी प्रजेसाठी केलेला मजकूर आहे. राज्य शासनाने आपल्या अधिनियमांचे पुनर्मुद्रण सर्वांना खुले असल्याचे एकदा जाहीर करून टाकावे. त्यासाठी एक रुपयाही खर्च येणार नाही.

तालुक्याच्या ठिकाणी कोठे, असे विचारले तर माझे उत्तर सार्वजनिक ग्रंथालय हेच आहे, आणि ते मी माझ्या व्यवसायाच्या अभिमानापोटी देत नाही. तहसील कार्यालयात माणूस काम घेऊन जातो आणि तेथे बसून वाचण्याची सोय नसते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ खाली मान्यता आणि अनुदान मिळालेली ग्रंथालये सातारा जिल्ह्याच्या ११ आणि सांगलीच्या १० तालुक्यांत पसरलेली आहेत, तेथे टेबल आहे, वृत्तपत्रे वाचणारी माणसे आहेत आणि वेळ आहे. या ग्रंथालयांतल्या एका कपाटावर "राज्याचे कायदे" अशी पाटी असावी, त्यात नवा कायदा अंमलाच्या दिवशी यावा, आणि जुनी प्रत काढून तिच्या जागी सुधारलेली ठेवण्याची जबाबदारी ग्रंथपालावर असावी. संगणकावरची प्रत तर हवीच. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयातील पुष्कळ पुस्तके पाण्यात गेली. नुसत्या कागदावर विसंबणे कृष्णाकाठच्या लोकांना परवडणारे नाही. जतच्या पूर्व भागातल्या कन्नड बोलणाऱ्या गावांसाठी निदान महत्त्वाच्या कायद्यांचा कन्नड गोषवारा मिळाला तर त्या गावांनाही आपण याच राज्याचे आहोत असे वाटेल.

ग्रामसभेचाही उपयोग करून घेता येईल. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी बहुतेक गावांत ग्रामसभा भरते. मागच्या सभेनंतर कोणते कायदे अंमलात आले त्यांची यादी आणि प्रत्येकाचा पाच-सहा ओळींचा आशय ग्रामसेवकाने तेथे वाचून दाखवावा. तो आशय ग्रामसेवकाने तयार करायचा नाही; विधि व न्याय विभागाने तो कायद्याबरोबरच द्यावा. प्रत्येक विधेयकाला "उद्देश व कारणे यांचे निवेदन" जोडलेले असते आणि विधेयक का आणले ते त्यात बऱ्यापैकी समजेल अशा मराठीत सांगितलेले असते. विधेयकाचा अधिनियम होताना हे निवेदन गळून पडते. ते सभागृहात झालेल्या बदलांनुसार दुरुस्त करून, कायद्याचा भाग म्हणून नव्हे तर सोबतचे टिपण म्हणून, प्रसिद्ध केले तरी निम्मे काम होईल.

खर्चाचा आक्षेप येईल. राज्यात ३५८ तालुके आहेत आणि विधिमंडळ वर्षाला काही डझन कायदे करते, त्यांतले बरेचसे दोन-चार पानांच्या सुधारणा असतात. शासनाच्या योजनांच्या जाहिरातींची पूर्ण पाने वृत्तपत्रांत येतात, त्यांच्या तुलनेत हा खर्च डोळ्यांत भरण्यासारखा नाही. मनुष्यबळाचा आक्षेप अधिक खरा आहे. सुधारणा मूळ कायद्यात बिनचूक बसवणे हे जोखमीचे काम आहे आणि त्यासाठी विधि व न्याय विभागात जाणकार, मराठी उत्तम येणारी माणसे नेमावी लागतील. ती नेमावीत. कायदे करण्याचा अधिकार असणाऱ्या राज्याने ते वाचण्याजोगे ठेवणारी पाच-पंचवीस माणसे पदरी बाळगणे ही चैन नव्हे. नियमांचेही असेच. कायदा अंमलात येऊन बसतो आणि त्याखालचे नियम मागाहून येतात, तोवर अर्जाचा नमुना कोणता, शुल्क किती, अपील कोणाकडे, यांतले काहीच ठरत नाही. अंमलाची तारीख ठरवणे बहुधा शासनाच्याच हाती असते, तेव्हा नियमांचा मराठी पाठ तयार झाल्यावरच ती तारीख जाहीर करण्याची शिस्त शासनाने स्वतःला लावून घ्यावी.

आपल्या भागाला या विषयाची परंपरा आहे, म्हणूनही हे लिहावेसे वाटले. औंध संस्थानच्या राजांनी १९३९ मध्ये आपले अधिकार सोडून राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला आणि गावच्या पंचायतीला त्या राज्यघटनेत पायाचे स्थान दिले. ते औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि त्या संस्थानचे आटपाडी सांगली जिल्ह्यात. कायद्याचे राज्य गावापासून सुरू होते हे येथल्या लोकांना नव्याने शिकवण्याची गरज नाही.

संपादक महोदय, शासनाकडून व्यवस्था होईल तेव्हा होईल, परंतु आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. नव्या कायद्याची बातमी देताना ते विधेयक आहे, अध्यादेश आहे की अधिनियम, त्याचे पूर्ण नाव व क्रमांक काय, राजपत्राचा भाग व दिनांक कोणता आणि अंमल कधीपासून, एवढ्या गोष्टी बातमीच्या शेवटी दोन ओळींत द्याव्यात, आणि महिन्यातून एकदा सातारा व सांगली आवृत्तीत त्या महिन्यात अंमलात आलेल्या राज्य कायद्यांची यादी छापावी. ती यादी कापून ग्रंथालयाच्या फलकावर लावण्याचे काम आम्ही करू. दोन्ही जिल्ह्यांतील आमदारांनीही येत्या अधिवेशनात हा प्रश्न विधि व न्याय विभागाला विचारावा, आणि सुधारित मराठी पाठ प्रसिद्ध करण्यास किती दिवस लागतात याची माहिती सभागृहात मागावी, अशी त्यांना आपल्या दैनिकाद्वारे विनंती करतो.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथपाल
कोरेगाव, जि. सातारा